आहार, वनस्पतीजन्य द्रव्ये आणि प्रोस्टेटचा कर्करोग: पुरावा नेमका कुठपर्यंत पोहोचतो?

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तरुण वयात तिचे वजन साधारण २० ग्रॅम भरते आणि वीर्यातील द्रवाचा एक भाग तयार करणे हे तिचे काम असते. या लहानशा ग्रंथीच्या कर्करोगाचे २०२२ साली जगभरात सुमारे १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ३ लाख ९७ हजार पुरुष या आजाराने दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. साहजिकच, तो टाळण्यासाठी काय खावे, या प्रश्नाला उत्तरांची वानवा नाही. टोमॅटो खा, सोयाबीन खा, ग्रीन टी प्या, जवस खा, डाळिंबाचा रस घ्या, दूध कमी करा, असे सल्ले सर्वत्र मिळतात, आणि गंमत अशी की यांपैकी जवळजवळ प्रत्येक सल्ल्यामागे कुठेतरी एखादा खराखुरा अभ्यास असतो. अडचण अभ्यास नसण्याची नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींची वाढ मंदावणे, रक्तातील एखादा आकडा खाली येणे आणि माणसाला आजार न होणे या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून थेट तिसरी गाठणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

आहारावर संशय का आला, हे आधी पाहिले पाहिजे. अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेट बारकाईने तपासली, तर कर्करोगाची सूक्ष्म केंद्रे आश्चर्यकारक प्रमाणात सापडतात. अशा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार तिशीच्या आतील पुरुषांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या आणि त्यापुढच्या पुरुषांत सुमारे ५९ टक्के भरते. यांतील बहुतेकांना आपल्याला असे काही आहे, हे आयुष्यभर कळलेलेच नसते. म्हणजे हा आजार बहुतेकांच्या शरीरात सुप्त राहतो आणि थोड्यांच्या शरीरात जागा होऊन पसरतो. सुप्त केंद्रांच्या प्रमाणात देशादेशांत जेवढा फरक आढळतो, त्यापेक्षा प्रत्यक्ष आजाराच्या आणि मृत्यूंच्या प्रमाणातील फरक कितीतरी मोठा असतो. जपानमध्ये पूर्वी हा आजार फार कमी आढळत असे, परंतु जपानमधून हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या पुरुषांत त्याचे प्रमाण मायदेशातील पुरुषांपेक्षा स्पष्टपणे वाढलेले दिसले. जनुके तीच असताना प्रमाण बदलते, याचा अर्थ राहणीमानात काहीतरी दडलेले असावे, हा निष्कर्ष वाजवी होता. त्या राहणीमानात सोयाबीन, मासे, वजन, व्यायाम, दूध आणि वैद्यकीय तपासण्यांची उपलब्धता असे सगळेच एकदम बदलते, हे मात्र विसरून चालत नाही. दुसरीकडे, युरोपातील नॉर्डिक देशांतील जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासात या कर्करोगाच्या जोखमीतील सुमारे ५७ टक्के भिन्नता आनुवंशिकतेमुळे असल्याचे आढळले, आणि हे प्रमाण बहुतेक अन्य कर्करोगांपेक्षा जास्त आहे. आहाराला जागा आहे, पण ती अमर्याद नाही.

संप्रेरकांची भूमिका

प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषसंप्रेरकांवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. वृषणे काढून टाकल्यावर किंवा इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक दिल्यावर पसरलेला आजारही मागे हटतो, असे त्यांना आढळले आणि या कामासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आजही प्रगत आजारावर जे संप्रेरकरोधक उपचार केले जातात, त्यांचा पाया हाच आहे.

यामागची यंत्रणा थोडक्यात अशी आहे. वृषणांत तयार झालेले टेस्टोस्टेरॉन रक्तावाटे प्रोस्टेटच्या पेशीत शिरते. तेथे फाइव्ह-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर त्याचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये करते. पेशीतील अँड्रोजेन ग्राहीला, म्हणजे पुरुषसंप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, डीएचटी टेस्टोस्टेरॉनपेक्षा अधिक घट्टपणे आणि अधिक काळ चिकटते, आणि हा ग्राही मग पेशीच्या केंद्रकात जाऊन वाढीशी संबंधित जनुके चालू करतो. पीएसए हे प्रथिन तयार करणारे जनुकही त्यांपैकीच एक आहे; प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या या प्रथिनाची रक्तातील पातळी कर्करोगाचा माग काढण्यासाठी मोजली जाते. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण संप्रेरकांच्या कामात अडथळा आणणारे कोणतेही द्रव्य कर्करोगावर परिणाम न करताही पीएसएचा आकडा खाली आणू शकते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच सदोष असते, असे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. त्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहानच राहते. हे विकर रोखणारी फिनास्टेराइडसारखी औषधे पुढे याच धाग्यावरून विकसित झाली.

एवढे वाचल्यावर कोणालाही वाटेल की, ज्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त, त्याला धोका जास्त. मात्र तसे आढळत नाही. २००८ मध्ये १८ दीर्घकालीन अभ्यासांतील ३,८८६ रुग्ण आणि ६,४३८ निरोगी पुरुष यांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा आधी मोजलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या किंवा डीएचटीच्या पातळीचा पुढे होणाऱ्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. त्याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण असे की, ग्राहींची संख्या मर्यादित असते आणि बऱ्यापैकी कमी पातळीलाच ते सगळे व्यापले जातात. पूर्ण भिजलेल्या जमिनीवर आणखी पाणी ओतले तरी ते मुरत नाही, तसेच हे आहे. या स्पष्टीकरणाला पुढच्या अभ्यासांतून आधारही मिळाला. २० अभ्यासांच्या २०१८ मधील विश्लेषणात, ज्यांचे मुक्त, म्हणजे रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले, टेस्टोस्टेरॉन सर्वांत खालच्या दहा टक्क्यांत मोडत होते, केवळ त्याच पुरुषांत धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळला. त्यावरच्या पातळ्यांमध्ये फारसा फरक नव्हता. म्हणून एखादा पदार्थ टेस्टोस्टेरॉन पाच-दहा टक्क्यांनी कमी करतो, असा दावा खरा निघाला तरीही त्याने कर्करोग टळेल, असे म्हणता येत नाही.

संप्रेरकांचा मार्ग औषधाने जोरात रोखला तर काय होते, हेही पाहून झाले आहे. अमेरिकेत १८,८८२ पुरुषांना सात वर्षे फिनास्टेराइड किंवा प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी, देण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्लासिबो गटात २४.४ टक्के, तर औषध घेणाऱ्या गटात १८.४ टक्के पुरुषांना कर्करोग आढळला. घट चांगलीच होती. परंतु औषध घेणाऱ्यांत आक्रमक दिसणाऱ्या गाठी किंचित जास्त, ५.१ टक्क्यांऐवजी ६.४ टक्के, निघाल्या आणि खळबळ उडाली. ग्रंथी आकसल्यामुळे बायोप्सीच्या सुईला अशा गाठी अधिक सहज सापडत असाव्यात, असे नंतरच्या विश्लेषणांतून पुढे आले. १५ वर्षांनी दोन्ही गटांतील हयात असलेल्यांचे प्रमाण ७८.० आणि ७८.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. एका ताकदवान औषधाने कर्करोगाचे निदान चतुर्थांशाने घटवूनही आयुर्मान बदलले नाही, ही बाब वनस्पतीजन्य द्रव्यांकडून अपेक्षा ठेवताना मनाशी असावी.

सोयाबीन, जवस आणि 'वनस्पती-इस्ट्रोजेन'

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन गटातील द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असल्यामुळे ती इस्ट्रोजेनच्या ग्राहींना चिकटू शकतात. हे ग्राही दोन प्रकारचे असतात. त्यांतील दुसरा, म्हणजे बीटा प्रकार, स्वीडनमधील संशोधकांनी १९९६ मध्ये शोधून काढला आणि तोही उंदराच्या प्रोस्टेटमधील जनुकीय सामग्रीतून. जेनिस्टीन नेमके या बीटा ग्राहीला जास्त पसंती देते, आणि प्रोस्टेटमध्ये बीटा ग्राही पेशींच्या वाढीला लगाम घालत असावा, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून सूचित होते. हे सारे ऐकायला मोठे आकर्षक आहे. त्यात भर म्हणजे, डेडझीनपासून आतड्यातील काही जिवाणू इक्वॉल नावाचे आणखी सक्रिय द्रव्य तयार करतात. ही क्षमता पाश्चात्त्य देशांतील साधारण तिघांपैकी एकात, तर जपानमधील निम्म्याहून अधिक प्रौढांत आढळते. तेव्हा एकाच ताटातले सोयाबीन दोन माणसांच्या शरीरात दोन वेगळ्या रसायनांना जन्म देऊ शकते. आहारविषयक अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

सोयाबीन अधिक खाणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी आढळतो, असे निरीक्षणात्मक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसते. प्रत्यक्ष चाचणीचा अनुभव वेगळा आहे. कर्करोगामुळे प्रोस्टेट काढून टाकलेल्या आणि आजार परतण्याची शक्यता जास्त असलेल्या १७७ पुरुषांच्या चाचणीत एका गटाला दोन वर्षे रोज २० ग्रॅम सोया प्रथिनाची भुकटी आणि दुसऱ्या गटाला दुधातील प्रथिनाची भुकटी देण्याचे ठरले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात २७.२ टक्के आणि दुसऱ्यात २९.५ टक्के पुरुषांच्या रक्तात पीएसए पुन्हा चढले. फरक नगण्य होता आणि तो दिसण्याची शक्यता नसल्यामुळे चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. आता याचा अर्थ सोयाबीन निरुपयोगी, असाही लावता येत नाही. लहानपणापासूनच्या आहाराचा परिणाम साठीनंतर दोन वर्षे घेतलेल्या भुकटीने तपासता येत नाही. मात्र आजार झाल्यावर सोया भुकटी सुरू करणाऱ्याला तिचा आधार वाटण्याचे कारण या चाचणीने उरू दिलेले नाही.

येथे एका उलट्या भीतीचाही निकाल लावून टाकावा. सोयाबीनमुळे पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटते आणि त्यांच्यात स्त्रीत्वाची लक्षणे येतात, ही समजूत चांगलीच पसरलेली आहे. ४१ चिकित्सालयीन अभ्यासांच्या २०२१ मधील विश्लेषणात सोया प्रथिनाचा किंवा आयसोफ्लेव्होनचा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर किंवा इस्ट्रोजेनवर परिणाम आढळला नाही. यातली विसंगती पाहण्यासारखी आहे: सोयाबीन संप्रेरके बदलून कर्करोग रोखते म्हणणारे आणि सोयाबीन संप्रेरके बिघडवते म्हणून घाबरणारे, दोघेही रक्तात न दिसणाऱ्या एकाच बदलावर भिस्त ठेवतात.

जवसातील लिग्नान ही द्रव्येही आतड्यातील जिवाणूंमार्फत एंटेरोलॅक्टोनमध्ये बदलतात आणि तीही क्षीण इस्ट्रोजेनसारखी वागतात. येथे एक चाचणी विचारात घेण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या १६१ रुग्णांपैकी काहींना सुमारे महिनाभर रोज ३० ग्रॅम दळलेले जवस देण्यात आले आणि नंतर काढलेल्या गाठीतील पेशींच्या विभाजनाचा वेग तपासला गेला. जवस घेतलेल्यांच्या गाठीत तो कमी होता. रक्तातील बहुतेक मोजमापांत मात्र फरक पडला नाही. माणसाच्या प्रत्यक्ष गाठीत दिसलेला परिणाम म्हणून त्याला बशीतल्या पेशींपेक्षा निश्चितच वरचे स्थान द्यावे लागते, परंतु वेग मंदावल्याने पुढे आजार पसरणे टळते की नाही, हे महिन्याभराच्या चाचणीतून कळू शकत नाही.

टोमॅटो आणि लाल रंगाची कीर्ती

टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन प्रोस्टेटमध्ये साठते. टोमॅटो तेलात शिजवला की ते पेशींच्या भिंतींतून मोकळे होते आणि कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते. १९९५ मध्ये अमेरिकेतील ४७,८९४ पुरुष आरोग्य व्यावसायिकांच्या अभ्यासातून असे पुढे आले की, आठवड्यातून दहापेक्षा जास्त वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी असतो. शिजवलेल्या टोमॅटो सॉसशी हा संबंध सर्वांत ठळक होता. त्यानंतर लायकोपीनच्या गोळ्यांना मागणी येणे ओघानेच आले. दशकभराने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उपलब्ध पुरावा तपासला आणि लायकोपीनच्या गोळ्यांबाबतचा दावा फेटाळला. टोमॅटोबाबत पुरावा अत्यल्प आणि प्राथमिक आहे, अशी कबुली जोडूनच दावा करण्यास त्याने मुभा दिली. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड या संस्थेने २००७ मध्ये लायकोपीनयुक्त पदार्थांचा लाभ 'संभाव्य' गटात ठेवला होता. २०१४ च्या फेरतपासणीत मात्र निष्कर्ष काढता येण्याइतका पुरावा नाही, असे म्हणून तिने तो मागे घेतला.

असे का व्हावे? एक कारण तपासणीत दडलेले आहे. पीएसए चाचणी सर्रास होऊ लागल्यावर, जो पुरुष तपासणी करून घेतो त्याच्यातच कर्करोग 'सापडतो'. तपासणी करून घेणारे पुरुष सहसा आहाराबाबतही जागरूक असतात. त्यामुळे आहार आणि निदान यांचा संबंध तपासणीच्या सवयीने गढूळ होतो. म्हणूनच या क्षेत्रातले अभ्यास वाचताना एकूण निदानांपेक्षा प्रगत आणि जीवघेण्या आजाराचे आकडे पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रीन टी आणि डाळिंब यांची कहाणी एकाच साच्यातली असल्याने ती थोडक्यात आटोपता येते. ग्रीन टीतील कॅटेकिन्स घेणाऱ्या तीस पुरुषांपैकी वर्षभरात एकाला, तर न घेणाऱ्या तिसांपैकी नऊ जणांना कर्करोग झाला, असे २००६ मधील एका छोट्या इटालियन चाचणीत दिसले. हे सर्व पुरुष कर्करोगपूर्व बदल असलेले होते. पुढे ९७ पुरुषांच्या दुसऱ्या चाचणीत दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. डाळिंबाचा रस घेणाऱ्या रुग्णांत पीएसए दुप्पट होण्याचा कालावधी १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला, अशी बातमी २००६ मध्येच गाजली, पण त्या अभ्यासात तुलनेसाठी प्लासिबो गटच नव्हता. नंतर तसा गट ठेवून चाचणी घेतली, तेव्हा प्लासिबो घेणाऱ्यांतही हा कालावधी वाढला आणि फरक विरून गेला. ग्रीन टीचा अर्क गोळ्यांच्या रूपाने मोठ्या मात्रेत घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, हेही सांगितले पाहिजे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतील प्रमुख कॅटेकिन, घेण्याबाबत सावध केले आहे.

वनस्पतीने खरोखरच काम केले तेव्हा

वनस्पतीजन्य मिश्रणाने पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही पाडल्याचे एक उदाहरण वैद्यकीय इतिहासात आहे. 'पीसी-स्पेस' नावाचे आठ वनौषधींचे मिश्रण १९९० च्या दशकात अमेरिकेत आहारपूरक म्हणून विकले जात होते. ते घेणाऱ्या रुग्णांचे पीएसए झपाट्याने उतरत असे, आणि अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांतही ते उतरले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यात इस्ट्रोजेनसारखी जोरकस क्रिया असल्याचे दिसले. रुग्णांचे टेस्टोस्टेरॉन घटले होते, स्तन दुखरे झाले होते, कामेच्छा मावळली होती आणि एकाच्या शिरेत रक्ताची गुठळीही झाली होती. म्हणजे फायदाही इस्ट्रोजेनचा होता आणि त्रासही इस्ट्रोजेनचाच. वनस्पतींत इतके सामर्थ्य असू शकते, याचा त्या वेळी अनेकांना आनंदच झाला असणार.

२००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य विभागाला या मिश्रणात वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध सापडले आणि उत्पादन बाजारातून मागे घेण्यात आले. स्वतंत्र प्रयोगशाळेने १९९६ पासूनचे साठे तपासले, तेव्हा वेगवेगळ्या साठ्यांत कमी-अधिक प्रमाणात डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल आणि इंडोमेथासिन हे दाहशामक औषधही निघाले. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे १९३८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेले कृत्रिम इस्ट्रोजेन आहे, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर ते कित्येक दशके वापरले जात होते. ज्या मिश्रणाला निसर्गाची किमया समजले जात होते, त्यात जुनेच औषध मिसळलेले होते. सुरू असलेली संशोधने थांबवावी लागली. ज्या रुग्णांना आपण 'फक्त वनौषधी' घेत आहोत असे वाटत होते, ते नकळत संप्रेरकोपचार आणि रक्त पातळ करणारे औषध घेत होते, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही त्याची कल्पना नव्हती.

हे प्रकरण भेसळीचे आहे, हे खरे. परंतु त्यातला वैद्यकीय मुद्दा भेसळ नसतानाही लागू पडतो. संप्रेरकांवर खरोखर परिणाम करणारे द्रव्य, मग ते मुळातून काढलेले असो वा कारखान्यात बनवलेले, संप्रेरकांचे दुष्परिणामही सोबत घेऊनच येते. परिणाम मात्र औषधाचा आणि निर्धोकपणा भाजीचा, अशी सोय शरीरात नाही.

गोळ्यांचा सर्वांत मोठा धडा

पोषकद्रव्ये गोळीच्या रूपाने देऊन पाहण्याचा सर्वांत मोठा प्रयोग 'सिलेक्ट' या नावाने ओळखला जातो. त्याला सबळ पार्श्वभूमी होती. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांना ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन देऊन फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी चाचणी घेतली गेली होती, आणि तीत अनपेक्षितपणे असे आढळले की, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग ३२ टक्क्यांनी आणि त्यामुळे होणारे मृत्यू ४१ टक्क्यांनी कमी झाले. सेलेनियमच्या १९९६ मधील एका चाचणीतही, त्वचेच्या कर्करोगासाठी अभ्यास चालू असताना, प्रोस्टेटच्या कर्करोगात मोठी घट दिसली होती. दोन स्वतंत्र चाचण्या एकाच दिशेने बोट दाखवत असल्याने २००१ मध्ये ३५,५३३ पुरुषांना घेऊन 'सिलेक्ट' सुरू झाली. काहींना सेलेनियम, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना प्लासिबो देण्यात आले.

लाभ दिसत नसल्यामुळे २००८ मध्ये गोळ्या बंद करण्यात आल्या. सहभागींवर लक्ष ठेवणे चालूच होते, आणि २०११ मध्ये असे स्पष्ट झाले की, केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग प्लासिबो गटापेक्षा १७ टक्क्यांनी जास्त झाला होता. पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट उलगडली. ज्यांच्या नखांत मुळातच भरपूर सेलेनियम होते, त्यांना सेलेनियमची गोळी दिल्यावर आक्रमक कर्करोगाचा धोका वाढला होता. कमतरता असलेल्या माणसाला पोषकद्रव्य दिल्याने कदाचित लाभ होईल, पण पुरेसे असणाऱ्याला आणखी दिल्याने अपाय होऊ शकतो. 'थोडे चांगले, तर जास्त अधिक चांगले' हा हिशेब येथे जुळत नाही. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडच्या मूल्यांकनात बीटा-कॅरोटीनचाही प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या धोक्यावर परिणाम संभवत नाही, असेच म्हटले आहे.

मग गोळ्या सोडा, प्रत्यक्ष भाज्या वाढवल्या तर? हेही अमेरिकेत करून पाहण्यात आले. सौम्य स्वरूपाचा कर्करोग असलेल्या आणि उपचार न करता केवळ देखरेखीखाली असलेल्या ४७८ पुरुषांच्या चाचणीत एका गटाला दूरध्वनीवरून सातत्याने मार्गदर्शन करून रोज किमान सात वेळा भाज्या खाण्यास प्रवृत्त करण्यात आले. त्यांनी ते पाळले, कारण त्यांच्या रक्तातील कॅरोटिनॉइडची, म्हणजे भाज्यांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांची, पातळी वाढलेली दिसली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत आजार पुढे सरकण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. हृदय, रक्तदाब आणि आतडे यांच्यासाठी भाज्यांचे महत्त्व त्याने कमी होत नाही, आणि या वयातील पुरुषांच्या मृत्यूचे कारण बहुधा प्रोस्टेटपेक्षा हृदयच असते. सुरू झालेला कर्करोग भाज्यांनी दोन वर्षांत थोपवता येतो, हा दावा मात्र तपासून झाला आहे आणि तो टिकलेला नाही.

वजन, इन्सुलिन आणि दूध

वनस्पतीजन्य द्रव्यांभोवतीच्या गलबल्यात एक रुक्ष विषय मागे पडतो, तो म्हणजे वजन. २०१४ मधील मूल्यांकनात वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडने अतिरिक्त चरबी ही प्रगत प्रोस्टेट कर्करोगाचा धोका संभवतः वाढवते, असे नोंदवले, आणि आहाराशी निगडित बाबींत यापेक्षा भक्कम पुरावा दुसऱ्या कशाचाच नव्हता. यामागे संप्रेरके आहेतच, पण ती वेगळ्या वाटेने येतात. चरबीच्या पेशींतील अ‍ॅरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. इन्सुलिन वाढते आणि संप्रेरके वाहून नेणाऱ्या प्रथिनाची पातळी घटते. शिवाय स्थूल पुरुषात रक्ताचे आकारमान जास्त असल्यामुळे पीएसए विरळ होऊन आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो आणि निदान उशिरा होऊ शकते. धोक्याचा काही भाग जीवशास्त्राचा आणि काही भाग उशिरा कळण्याचा, अशी ही सरमिसळ आहे. त्यातही एक कोडे आहे. टाइप २ मधुमेह दीर्घकाळ असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग अन्य पुरुषांपेक्षा काहीसा कमी आढळतो, हे अनेक अभ्यासांत सातत्याने दिसले आहे. अर्थात, मधुमेहाचा हा 'फायदा' कोणीही मागून घेणार नाही.

इन्सुलिनचा भाऊबंद असलेला आयजीएफ-१ हा वाढीचा घटक प्रोस्टेटच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉनच्या पातळीपेक्षा जास्त बोलका ठरला आहे. १७ अभ्यासांच्या २०१६ मधील विश्लेषणात ज्यांच्या रक्तात तो सर्वाधिक होता, त्या पाचव्या हिश्शातील पुरुषांत धोका सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी जास्त होता. आहाराने तो बदलतो, असेही दिसते. ब्रिटनमधील एका अभ्यासात कोणतेही प्राणिज पदार्थ न खाणाऱ्या पुरुषांचे आयजीएफ-१ मांसाहारी आणि दूध घेणाऱ्या शाकाहारी पुरुषांपेक्षा ९ टक्क्यांनी कमी होते. मांस सोडूनही दूध घेणाऱ्यांत तो मांसाहाऱ्यांइतकाच असावा, हे लक्षवेधी आहे, कारण दुधातील प्रथिन आयजीएफ-१ वाढवते. उत्तर अमेरिकेतील अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांच्या २०२२ मधील अभ्यासात रोज सुमारे ४३० ग्रॅम दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांत, रोज सुमारे २० ग्रॅम घेणाऱ्यांच्या तुलनेत, धोका २७ टक्क्यांनी जास्त आढळला. दुधाखेरीज अन्य पदार्थांतून मिळणाऱ्या कॅल्शियमचा असा संबंध दिसला नाही. हे निरीक्षणच आहे, चाचणी नव्हे, आणि दूध घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळतो, हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकावेच लागते. वडील किंवा भाऊ यांना कमी वयात प्रोस्टेटचा कर्करोग झालेला असेल, तर दुधाचे प्रमाण बेताचे ठेवणे मला रास्त वाटते. इतरांनी त्यासाठी दूध सोडावे, इतका पुरावा आज नाही.

घरात असा इतिहास असलेल्यांनी, तसेच बीआरसीए-२ या जनुकात दोष असलेल्यांनी, काय खावे यापेक्षा तपासणी केव्हा सुरू करावी, हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारलेला बरा. त्या भेटीत आपण घेत असलेली प्रत्येक गोळी, भुकटी आणि अर्क यांची नावे सांगावीत. फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळपास निम्मे होते, म्हणून असा रुग्ण तपासताना डॉक्टर आलेल्या आकड्याची दुप्पट करून विचार करतात. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या १ मिलिग्रॅमच्या गोळीचाही हाच परिणाम होतो. अनेक पुरुष ती गोळी औषधांत मोजत नाहीत आणि तिचा उल्लेखही करत नाहीत. अशा वेळी २.५ हा निर्धोक वाटणारा आकडा प्रत्यक्षात ५ च्या आसपास असू शकतो.